रयतेची शाळा, रयतेचा पैसा

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या शाळेत घातले, शुल्क किती, देणगी किती, गणवेश कोठून घ्यावा लागला आणि बसचे पैसे वेगळे की शुल्कातच धरलेले. या चर्चेत 'खाजगी शाळा' या शब्दाचा अर्थ आता इतका पक्का होऊन बसला आहे की, जेथे पैसा मोजल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही ती खाजगी आणि जेथे फुकट जाता येते ती सरकारी, असे समीकरण सुशिक्षितांच्याही तोंडी रूढ झाले आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा कित्येक दशके खाजगी संस्थाच चालवीत आल्या आहेत. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या ज्या कौलारू शाळेत आपल्यापैकी अनेकजण शिकले, ती शाळा सरकारची नव्हती, हे तेथून बाहेर पडलेल्यांनाही पुष्कळदा मुद्दाम सांगावे लागते.

ही शाळा मग कोणाची होती? तिचा खर्च कोणी सोसला? आणि आज ती कोणाची उरली आहे? या प्रश्नांचा विचार करावयाचा तर रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. चारशेहून अधिक माध्यमिक शाळा, चाळीसच्या वर महाविद्यालये, वसतिगृहे, अध्यापक विद्यालये आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थी असा या संस्थेचा आजचा पसारा आहे. तिचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. या वृक्षाच्या विस्ताराचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या मुळांना पाणी कोणी घातले याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने तो मांडावा, हे उचित ठरेल.

अनुदानातील मेख

खाजगी शाळेला सरकारने अनुदान द्यावे, हे तत्त्व आपल्याकडे १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने आणले. सरकारला सर्वत्र शाळा काढणे परवडणारे नव्हते. तेव्हा लोकांनी पुढाकार घ्यावा, काही रक्कम स्वतः उभी करावी आणि सरकारने त्यात भर घालावी, अशी ही योजना होती. वरवर पाहता तिच्यात गैर काही नाही. तिच्याच आधाराने पुण्यामुंबईत नामवंत शाळा आणि महाविद्यालये उभी राहिली. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. त्यागी शिक्षकांची एक पिढीच या संस्थांनी घडविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु या तत्त्वात एक मेख होती. जो आधी स्वतःचे पैसे उभे करील त्यालाच सरकारचे पैसे मिळणार, असा नियम केला की ज्याच्याजवळ मुळात काही नाही त्याला काहीच मिळत नाही. शहरातील वकील, सावकार आणि सरकारी नोकर वर्गणी जमवू शकत होते, म्हणून अनुदानही शहरात गेले. दुष्काळी खेड्यातील कुळ वर्गणी देऊ शकत नव्हते, म्हणून शाळाही नव्हती आणि अनुदानही नव्हते. सरकारच्या तिजोरीत पडणारा शेतसारा मात्र याच कुळाच्या घामातून येत होता. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते. कर भरतो शेतकरी आणि शिकतो दुसराच, ही त्यांची तक्रार सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्याला आजही विचारात पाडते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांना आश्रय देऊन आणि पुढे १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून या प्रश्नाला संस्थानापुरते उत्तर दिले. ब्रिटिश मुलखातील खेड्याला मात्र राजा नव्हता. तेथे उत्तर शोधावयाचे ते रयतेनेच.

मूठभर धान्याचे भांडवल

ते शोधणारा माणूस स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरात इंग्रजी सहावीपर्यंत त्यांची मजल गेली. पुढे पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. या भटकंतीचा उल्लेख चरित्रकार एखाद्या वाक्यात उरकतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. लोखंडी नांगर विकणाऱ्याला कोणत्या गावात कोणाजवळ किती बैल आहेत, कोणाचे शेत कोणाकडे गहाण आहे आणि कोणता शेतकरी कागदावर काय लिहिले आहे हे न वाचताच अंगठा उठवितो, हे सारे कळून चुकते. खेड्याचे अर्थशास्त्र भाऊराव असे पायी चालून शिकले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींनी त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण केले. त्या काळी वसतिगृहे जातीजातींची असत. साताऱ्याच्या या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंगतीला बसत आणि आळीपाळीने स्वयंपाक करीत. १९३२ साली पुणे कराराच्या पाठोपाठ पुण्यातही याच धर्तीवर युनियन बोर्डिंग निघाले.

येथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिक्षणसंस्था काढणाऱ्या माणसाने शाळेवर भर न देता आधी वसतिगृह का उभारले? याचे उत्तर खर्चाच्या विश्लेषणात आहे. साताऱ्यास शाळा होत्याच. खेड्यातील मुलाला त्यांच्यापर्यंत पोचू देत नव्हता तो शाळेच्या शुल्काचा खर्च नव्हे, तर राहण्याचा आणि जेवण्याचा खर्च. त्याहीपेक्षा मोठा होता तो आम्ही वर्गात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतो तो, म्हणजे मुलगा शाळेत गेला म्हणून बुडालेली गुरे राखण्याची आणि शेतात राबण्याची त्याची मजुरी. फी माफ करून हा अडथळा दूर होत नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. शिष्यवृत्त्यांच्या आजच्या अनेक योजना आखणाऱ्यांना ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

हा खर्च भागवावयाचा कसा? घरोघरी दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, अशी मुष्टिफंडाची प्रथा भाऊरावांनी पाडली. ज्या घरात रोख रुपया दिसत नसे त्या घरातही मूठभर जोंधळा निघत असे. अर्थात मूठ कधी अपुरीही पडे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही राहू दिले नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. आज एखाद्या संस्थेच्या भागभांडवलाची चर्चा होते तेव्हा या मंगळसूत्राची नोंद कोणत्या खात्यावर करावयाची, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

शाळेआधी शिक्षक

संस्थेच्या वाढीचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. नंतर, १९३७ सालच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने खेड्यांतील स्वयंसेवी शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारताच, सातारा जिल्ह्याच्या डोंगरकपारीत संस्थेने अशा प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. त्यांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. देवळाच्या ओवरीत, चावडीत, कोणाच्या तरी गोठ्याच्या पडवीत त्या भरत. स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाकडे सुपूर्द करण्यात आल्या. शेकडो शाळा उभ्या करून त्या सरकारच्या हवाली करणारी खाजगी संस्था ही आजच्या काळात दंतकथाच वाटेल. पण हे घडले आहे. शाळा आपल्या नावावर राहण्यापेक्षा ती चालू राहणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार होता.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. एव्हाना या कार्याचे अनुकरणही सुरू झाले होते. नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून आणि विदर्भात पंजाबराव देशमुखांची श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ पासून काम करीतच होती. रयतमध्ये घडलेल्या बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजन समाजाचे माध्यमिक शिक्षण महाराष्ट्रात ज्या पायावर उभे राहिले तो पाया हा असा आहे.

श्रमाचा हिशेब

'कमवा आणि शिका' हे या संस्थेचे ब्रीद सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांनी शेती करावी, खडी फोडावी, भिंती बांधाव्यात आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, अशी ही योजना. माझे वडील साठीच्या दशकात या संस्थेच्या एका वसतिगृहात असे शिकले. पहाटे पाटाचे पाणी उसाला देऊन आठाच्या ठोक्याला वर्गात बसल्याच्या आठवणी ते सांगत. मी लहानपणी त्या अभिमानाने ऐकल्या. पुढे अर्थशास्त्र शिकल्यावर त्यांना एक प्रश्न केला : "ज्या मुलांच्या घरून मनिऑर्डर येई ती त्या वेळी काय करीत?" वडील क्षणभर थांबून म्हणाले, "ती अभ्यास करीत."

हे उत्तर मी विसरू शकत नाही. श्रमप्रतिष्ठेचा गौरव करताना आपण हे विसरतो की, ज्याला राबावे लागले त्याचा अभ्यासाचा वेळ खर्ची पडला. सर्वांनीच श्रम करावेत, हा भाऊरावांचा आग्रह होता आणि त्यांच्या वसतिगृहात तो पुष्कळ अंशी पाळलाही गेला. पण योजना जशी पसरत गेली तशी ती केवळ गरिबांपुरती उरली, आणि जी गोष्ट केवळ गरिबाने करावयाची तिला प्रतिष्ठा लाभत नाही. आज अनेक महाविद्यालयांत या नावाखाली ग्रंथालयातील पुस्तके लावणे नाहीतर कार्यालयातील कागद जुळविणे एवढेच काम उरले आहे. योजनेचे नाव मागे राहिले आणि आशय निघून गेला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सरकार आणि संस्था

सरकारशी असलेल्या संबंधांचाही विचार केला पाहिजे. १९४८ साली भाऊरावांनी मंत्र्यांच्या कारभारावर जाहीर टीका केली, आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. त्या दिवसांत लोकांनी वर्गणी काढून शाळा जगविल्या. पुढे अनुदान पूर्ववत झाले. या प्रसंगाचा बोध दुहेरी आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने स्वतंत्र बुद्धीने बोलावयाचे ठरविले तर तिला लोकांचा आधार असावा लागतो, हा एक. आणि लोकांचा आधार काही महिने पुरतो, कायमचा पुरत नाही, हा दुसरा.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट्. मिळाली होती. त्याच सुमारास राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी दिली. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेहून कमी असलेल्या पालकांच्या मुलांना या सवलतीचा लाभ झाला, आणि खेड्यापाड्यांतील शाळा भरू लागल्या. पुढील काळात शिक्षकांच्या पगाराचा भार शासनाने उचलला. १९७७ साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, आणि संस्थाचालकाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या मास्तरला प्रथमच कायद्याचे संरक्षण मिळाले. फुल्यांनी मागितलेला न्याय शंभर वर्षांनी का होईना, काही अंशी पदरात पडला. रयतेचा करातून गेलेला पैसा रयतेच्या शाळेत परत आला.

या व्यवस्थेची एक किंमतही होती. पगार तिजोरीतून येऊ लागताच गावाने मूठ काढणे थांबविले. शाळेचे छप्पर गळू लागले तर पूर्वी गावकरी शिडी घेऊन येत. आता ते मुख्याध्यापकाला अर्ज करावयास सांगू लागले. दुसरीकडे, अनुदानित शाळेतील नोकरी ही सरकारी पगाराची पण संस्थाचालकाच्या हातची वस्तू झाली, आणि तिचा जो बाजार महाराष्ट्रात भरला त्याची माहिती या पानाच्या वाचकांना मी वेगळी द्यावयास नको.

आजचा पेच

गेल्या चाळीस वर्षांत या व्यवस्थेची पाठ फिरली. १९८३ नंतर विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये निघाली. त्यानंतर शाळांच्या बाबतीत 'कायम विनाअनुदानित' असा एक चमत्कारिक शब्दप्रयोग शासनाच्या कागदांत शिरला. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला, परंतु अनुदान मात्र वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, आंदोलनांच्या मागून आंदोलने झाल्यावर मिळू लागले. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. त्याच वर्षी शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि अनुदानित शाळांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहू लागल्या. याचा एकत्रित परिणाम असा की, शुल्क घेणारी शाळा काढणे सोपे झाले आणि शुल्क न घेणारी शाळा चालविणे अवघड झाले.

महाविद्यालयांची स्थिती निराळी नाही. मी स्वतः नऊ वर्षे तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकविले. श्रमबाजारातील शोषणाचा सिद्धांत फळ्यावर मांडावयाचा आणि महिनाअखेर आपल्या तासांची बेरीज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावयाचे, असा तो काळ होता. तेथे भेटणारे सहकारी दुपारी एका गावी, सायंकाळी दुसऱ्या गावी शिकवीत. अशा शिक्षकाकडून वर्गाबाहेर थांबून एखाद्या गरीब मुलाची अडचण ऐकण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. पण भाऊरावांची शाळा उभी राहिली ती नेमकी वर्गाबाहेर थांबणाऱ्या शिक्षकांवरच.

या परिस्थितीत रयतसारख्या मोठ्या संस्थांपुढे दोन मार्ग दिसतात. शुल्क आकारणाऱ्या तुकड्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढून त्यांच्या उत्पन्नावर बाकीचा भार वाहणे हा एक. त्यात काही पाप नाही. २०२१ साली साताऱ्यास कर्मवीरांच्या नावाचे समूह विद्यापीठ निघाले, ही वाढही स्वागतार्हच आहे. परंतु ज्या तुकडीतून पैसा येतो तिच्याकडे व्यवस्थापनाचे लक्ष अधिक जाते, हा अर्थशास्त्राचाच नव्हे तर मनुष्यस्वभावाचाही नियम आहे. हळूहळू एकाच आवारात दोन शाळा भरू लागतात आणि एका पंगतीच्या दोन पंगती होतात.

दुसरा मार्ग कठीण आहे, पण अशक्य नाही. शासनाने मंजूर जागा भराव्यात आणि वेतनेतर अनुदान वेळेवर द्यावे, ही मागणी ठामपणे करीत राहिले पाहिजे, कारण तो रयतेच्याच कराचा पैसा आहे. त्याचबरोबर संस्थांनी प्रत्येक शाखेचा जमाखर्च गावाच्या फलकावर लावावा. जो हिशेब गावाला दिसतो त्याला गाव मदत करते. या शाळांतून शिकून नोकरीला लागलेल्यांनी पगारातील ठरावीक हिस्सा आपल्या जुन्या वसतिगृहासाठी काढला तर मुष्टिफंडाचे ते आजचे रूप ठरेल. आणि श्रमाची योजना ठेवावयाची असेल तर ती सर्व मुलांना, मनिऑर्डरवाल्यांनाही, सारखीच लागू करावी.

'खाजगी' या शब्दाच्या अर्थावर आपण प्रारंभी विचार केला. शाळेची मालकी कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून तो अर्थ ठरत नाही. तिचा खर्च कोणी सोसला, तिच्या दारातून कोण आत जाऊ शकतो आणि तिचा हिशेब कोणाला विचारता येतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो. काले गावात १९१९ साली निघालेली संस्था या तिन्ही कसोट्यांवर सरकारी शाळेहूनही अधिक सार्वजनिक होती. माझे वडील ज्या वसतिगृहात राहिले ते अजून चालू आहे. या जूनमध्येही तेथे पत्र्याची ट्रंक घेऊन कोणी मुलगा येईल. त्याच्या बापाने भरलेला कर सरकारच्या तिजोरीत केव्हाच जमा झालेला आहे. त्या मुलासाठी वर्गात शिक्षक आहे की नाही, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे.